मोस्टाचा घुमट : गावाने उभारलेल्या चर्चचा इतिहास

माल्टा बेटाच्या साधारण मध्यावर मोस्टा हे गाव आहे. जुनी राजधानी इम्दिना जवळच्या टेकडीवर वसली आहे. तिच्या तटावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले की घरांच्या दाटीतून वर आलेला एक प्रचंड घुमट सर्वांत आधी नजरेत भरतो. तो स्वर्गोन्नीत पवित्र मरियेला वाहिलेल्या मोस्टाच्या धर्मग्राम चर्चचा घुमट. चर्च वर्तुळाकार असल्यामुळे जगभर ते ‘मोस्टा रोटुंडा’ या नावाने ओळखले जाते.

या चर्चची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात घुमट फोडून एक बाँब आत पडला आणि फुटला नाही. गोष्ट खरी आहे आणि तिच्या जागी ती येईलच. पण त्या एका दुपारच्या झगमगाटात चर्च बांधण्याची सत्तावीस वर्षे झाकली जातात, याचे वाईट वाटते. मोस्टाच्या लोकांनी हे चर्च कसे बांधले, कोणाचा विरोध सोसून बांधले आणि बांधकाम चालू असताना आपली उपासना कशी चालू ठेवली, ही हकिकत बाँबच्या गोष्टीइतकीच थक्क करणारी आहे. म्हणून या लेखात तिलाच जास्त जागा दिली आहे.

मोस्टा हा स्वतंत्र धर्मग्राम झाला 1608 मध्ये. त्याआधी हे गाव शेजारच्या नाश्शार धर्मग्रामात मोडत असे. धर्मग्राम झाल्यावर लवकरच, 1614 च्या सुमारास, गावाने आपले चर्च बांधले. त्याचा आराखडा टॉमासो डिंगली या माल्टी वास्तुविशारदाच्या नावावर सांगितला जातो. माल्टावर तेव्हा सेंट जॉनच्या सरदारांचे राज्य होते. 1530 पासून 1798 पर्यंत ते टिकले आणि याच काळात बेटावरच्या गावोगावी दगडी चर्चे उभी राहिली. डिंगली यांचे चर्च दोनशे वर्षे मोस्टाला पुरले. नंतर लोकवस्ती वाढली आणि सणाच्या दिवशी लोक दाराबाहेर उभे राहू लागले. एकोणिसावे शतक उजाडले तोवर मोठ्या चर्चची गरज गावात सगळ्यांनाच पटली होती. प्रमुख धर्मगुरू फेलिचे काल्लेया यांनी नव्या चर्चचा ध्यास घेतला आणि आपली मालमत्ता त्या कामासाठी ठेवली.

आराखड्याचे काम ज्यांच्याकडे गेले ते गृहस्थ विलक्षण होते. जॉर्जो ग्रॉन्ये द व्हासे यांचा जन्म 1774 चा, माल्टातला. घराणे मूळचे फ्रेंच. नेपोलियनच्या सैन्यात त्यांनी लष्करी अभियंता म्हणून काम केले होते. रीतसर वास्तुविशारद म्हणून त्यांचे नाव नव्हते. इतिहास आणि पुरातत्त्व या विषयांनी त्यांना झपाटले होते. समुद्रात बुडालेल्या अटलांटिस या पुराणकथेतल्या भूमीचा उरलेला तुकडा म्हणजेच माल्टा, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि ती सिद्ध करण्यासाठी त्यांनी आयुष्यभर लिखाण केले. ते सिद्धांत कधीच मोडीत निघाले. मात्र रोमच्या प्राचीन इमारती त्यांनी ज्या बारकाईने पाहिल्या होत्या, ते ज्ञान मोस्टाच्या कामी आले.

त्यांनी आदर्श म्हणून रोमचे पँथिऑन निवडले. माल्टातली बहुतेक जुनी चर्चे क्रुसाच्या आकाराची आहेत: लांबट मुख्य दालन, दोन बाजूंना आडवे हात आणि छेदावर बेताचा घुमट. ग्रॉन्ये यांनी हा साचा बाजूला ठेवला. त्यांच्या आराखड्यात सबंध चर्च हेच एक वर्तुळ होते आणि त्या वर्तुळावर एकच अखंड घुमट. आधाराला मध्ये एकही खांब नाही. दर्शनी बाजूला सहा आयोनिक स्तंभांची ओसरी, तिच्यावर त्रिकोणी शिखर आणि दोन्ही अंगांना घंटांचे मनोरे. मनोरे पँथिऑनला नाहीत. ती माल्टाची स्वतःची रीत. रोमन देवळाचा देह आणि माल्टी गावचर्चचा चेहरा असा हा मेळ आहे. रोमहून थेट माल्टात येणाऱ्या प्रवाशाला प्रथमदर्शनी तो जरा अवघडलेला वाटतो. चौकात थोडा वेळ थांबले की मनोऱ्यांचे कारण समजते: घुमट इतका रुंद आहे की मनोरे नसते तर ती ओसरी त्याच्यापुढे ठेंगणी पडली असती.

आराखडा जाहीर झाला आणि विरोधही सुरू झाला. विरोधकांत सर्वांत वजनदार होते माल्टाचे बिशप फ्रान्सिस्को साव्हेरियो कारुआना. मूर्तिपूजक रोमनांच्या देवळाची प्रतिकृती ख्रिस्ती उपासनेसाठी कशाला, हा त्यांचा आक्षेप. बिशपांची पूर्वपीठिका इथे सांगायला हवी. 1798 मध्ये नेपोलियनने माल्टा जिंकले आणि तीनच महिन्यांत माल्टी जनतेने फ्रेंचांविरुद्ध उठाव केला. त्या उठावाच्या पुढाऱ्यांत कॅनन कारुआना होते. ते आता बिशप झाले होते, आणि त्यांच्यासमोर आराखडा घेऊन उभा होता नेपोलियनच्या फौजेतला एक माजी अभियंता.

बिशपांचा मान राखूनही त्यांच्या आक्षेपात फारसे बळ नव्हते असेच म्हणावे लागते. ज्या पँथिऑनला ते मूर्तिपूजकांचे देऊळ म्हणत होते, ते पोप चौथे बोनिफेस यांनी 609 मध्येच चर्च म्हणून अर्पण केले होते, तेही पवित्र मरिया आणि हुतात्म्यांच्या नावाने. म्हणजे मोस्टा ज्या मरियेसाठी घुमट बांधू पाहत होते, तिचीच उपासना रोमच्या मूळ घुमटाखाली बाराशे वर्षे चालू होती. अखेर आराखडा मंजूर झाला आणि 30 मे 1833 रोजी कोनशिला बसली.

आता खरी अडचण. नवे चर्च त्याच जागी हवे होते. जुने पाडावे तर उपासना कुठे करायची? बांधकाम किती वर्षे चालेल हे कोणालाच सांगता येत नव्हते आणि गावाला तितकी वर्षे चर्चवाचून ठेवणे धर्मगुरूंना मान्य नव्हते. त्यावर निघालेला तोडगा हा या इमारतीच्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग आहे. जुने चर्च जसेच्या तसे ठेवायचे आणि त्याच्याभोवती नव्या चर्चची वर्तुळाकार भिंत उभी करायची. भिंत वर चढत गेली, जुन्या छपराच्या पुढे गेली आणि मग त्या छपराच्या वरच्या मोकळ्या हवेत घुमटाचे थर आत झुकू लागले. खाली रोजची मिस्सा चालू होती. मुलांचे स्नानसंस्कार झाले, लग्ने लागली, अंत्यविधी झाले. त्या सत्तावीस वर्षांत मोस्टात जन्मलेल्या मुलाने जुन्या चर्चमध्ये स्नानसंस्कार घेतला तेव्हा बाहेर भिंत चालू होती, आणि तो मोठा होऊन त्याच वेदीपुढे लग्नाला उभा राहिला तेव्हा डोक्यावर घुमट पुरा होत आला होता.

श्रम गावाचे होते. रविवारी आणि सणाच्या दिवशी, उपासना आटोपली की लोक कामाला येत. सहा दिवस शेतात राबायचे आणि सातव्या दिवशी दगड वाहायचे, असे त्यांनी एक-दोन हंगाम केले नाही, सबंध पिढीभर केले. पायाभरणीला आलेल्या कित्येकांना पुरे झालेले चर्च पाहायला मिळाले नाही. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत.

दगड बेटावरचाच. माल्टात ज्याला ‘फ्रँका’ म्हणतात तो मधाळ पिवळ्या रंगाचा चुनखडक खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. करवतीने तो कापता येतो, छिन्नीने हवा तसा घडवता येतो. हवा लागली की वरचा थर हळूहळू टणक होतो. माल्टाच्या किल्ल्यांपासून घरांपर्यंत सगळे याच दगडाचे आहे. आपल्या सह्याद्रीतला काळा पाषाण हाताळलेल्या माणसाला हा दगड फारच सोशिक वाटेल. त्याच्या या गुणामुळेच साध्या गावकऱ्याच्या हातूनही कामाला मदत होऊ शकली. घडीव काम पाथरवटांनी केले. आणणे, उचलणे, चढवणे गावाने.

बेटावर दगड मुबलक, पण लाकडाचा मात्र तुटवडा. माल्टात जंगल नाही, इमारती लाकूड बोटीने आणावे लागे आणि ते महाग पडे. एवढ्या मोठ्या घुमटाला खालून लाकडी सेंट्रिंग द्यायचे तर आख्खे रान लागले असते. शिवाय खाली जुने चर्च उभे होते, त्याच्यावर टेकू द्यायचा कुठे? इथे ज्यांचे नाव घ्यायला हवे ते मुख्य गवंडी अँजेलो गॅट. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते असे मोस्टात सांगतात. घुमट त्यांनी परांचीशिवाय बांधला, हेही तितक्याच अभिमानाने सांगितले जाते.

हे शक्य कसे झाले? घुमट आणि कमान यांत एक मोठा फरक आहे. कमान शेवटचा, माथ्यावरचा दगड बसेपर्यंत स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. तोवर तिला खालून आधार हवाच. घुमटाचा मात्र प्रत्येक आडवा थर हे एक पुरे वर्तुळ असते. त्या थराचा शेवटचा दगड बसला की सगळे दगड एकमेकांना रेटून धरतात, कोणालाच आत घसरायला जागा उरत नाही. म्हणजे थर पुरा होईपर्यंतच दगड सांभाळायचे. तो पुरा झाला की त्याच्यावर उभे राहून पुढचा थर सुरू. तत्त्व सांगायला दोन वाक्ये लागतात. पण प्रत्यक्षात प्रत्येक दगडाचा कल अचूक साधावा लागतो, आणि थर जसजसा वर जातो तसतसा तो कल बदलत जातो. सदतीस मीटर रुंदीच्या वर्तुळावर ही चूक न होऊ देणे म्हणजे काय, हे ओळंबा हातात धरलेल्या कोणत्याही गवंड्याला विचारावे. ग्रॉन्ये यांच्या कल्पनेला सलाम करताना गॅट यांच्या हातांना दुसऱ्या ओळीत टाकणे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

घुमटाचा आतला व्यास सुमारे 37.2 मीटर आहे. मराठी वाचकाला ही रुंदी डोळ्यांपुढे आणायची असेल तर विजापूरचा गोल घुमट आठवावा. त्याचा आतला व्यास 38 मीटरच्या आसपास. दोघांत उणापुरा एक मीटरचा फरक. पण हे घुमट तोलण्याच्या तऱ्हा मात्र वेगळ्या. विजापूरला खाली चौकोनी दालन आहे. चौकोनावर वर्तुळ बसवण्यासाठी आदिलशाही कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जाळी रचली आणि घुमटाचा बाहेरचा रेटा त्या जाळीच्या वजनाने आत दाबून धरला. मोस्टाला खाली वर्तुळच आहे, त्यामुळे त्या कौशल्याची गरज पडली नाही. रेटा पेलायला भिंत जाड केली, आणि किती जाड? जवळजवळ 9 मीटर. मोठ्या दाराने आत जाताना हे लगेच कळते. दार ओलांडले तरी आपण आत पोचत नाही, काही पावले भिंतीतूनच चालत राहतो आणि मग एकदम छत वर निघून जाते.

ही जाडी वाया घालवलेली नाही. आतल्या वर्तुळाला आठ खोल कोनाडे आहेत. एकात प्रवेशद्वार, त्याच्या बरोबर समोर मुख्य वेदी आणि उरलेल्या सहांत सहा उपवेद्या. बाहेरून एकसंध वाटणारी भिंत आतून अशी खुली होते. वेदी कोनाड्यात सरकल्यामुळे मधले वर्तुळ लोकांसाठी मोकळे राहिले. लांबट चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या माणसाला वेदी दूर पडते. इथे सगळा धर्मग्राम एका छताखाली, वेदीपासून फार दूर कोणीच नाही. हे चर्च गर्दीसाठी बांधले गेले होते, हे ध्यानात घेतले की वर्तुळाची निवड किती योग्य होती ते पटते.

पँथिऑनच्या माथ्यावर मोठे उघडे छिद्र आहे, पाऊसही त्यातून आत येतो. मोस्टात तिथे खिडक्यांचा छोटा मनोरा बसवला आहे. प्रकाश येतो, पाऊस येत नाही. घुमटाच्या आतल्या बाजूला निळा, पांढरा आणि सोनेरी हे रंग प्रामुख्याने आहेत. भिंतीवरची मोठी चित्रे माल्टाचे नामांकित चित्रकार जुझेप्पे काली यांची. 1846 मध्ये जन्मलेले काली हे झपाट्याने काम करण्याबद्दल प्रसिद्ध होते आणि माल्टातल्या अनेक चर्चांत त्यांचा कुंचला फिरला आहे. खाली फरशी संगमरवरी. नजर घुमटावर खिळते म्हणून पुष्कळांचे तिच्याकडे दुर्लक्ष होते, पण तिच्यातली भौमितिक नक्षी निवांत पाहण्यासारखी आहे.

1860 मध्ये नव्या छताखालचे जुने चर्च पाडले गेले. त्याचे दगड नव्या चर्चच्या दारांतून बाहेर काढले आणि मोस्टाच्या लोकांना आपण बांधलेली पोकळी पहिल्यांदाच सबंध दिसली. तोवर मधोमध जुनी भिंत होती, त्यामुळे इतकी वर्षे काम करूनही आतून तो घुमट पुरा कोणी पाहिलेला नव्हता. जॉर्जो ग्रॉन्ये यांना हे पाहायला मिळाले. 1862 मध्ये ते वारले आणि याच चर्चमध्ये त्यांना मूठमाती मिळाली. चर्चचा अधिकृत अर्पणविधी 15 ऑक्टोबर 1871 रोजी झाला.

पुढची सत्तर वर्षे नेहमीच्या धर्मग्रामाची. ती भरभर ओलांडून युद्धाकडे येतो.

माल्टा ब्रिटिशांचे आरमारी ठाणे होते. जर्मन-इटालियन विमानतळ जवळच सिसिलीत होते, त्यामुळे बेटावर बाँबचा पाऊस पडत राहिला. त्यातही मोस्टाच्या जवळच ता-आलीचा लढाऊ विमानतळ. 1942 चा एप्रिल हा सगळ्यांत वाईट महिना. त्या महिन्याच्या 9 तारखेला, पास्काच्या सणानंतरच्या गुरुवारी, दुपारी पावणेपाचच्या सुमारास अडीचशे-तीनशे माणसे सायंकाळच्या उपासनेसाठी चर्चमध्ये जमली होती. जर्मन विमानांनी टाकलेल्या बाँबपैकी तीन चर्चवर आले. दोन घुमटावरून उसळून बाहेर पडले. तिसरा, 500 किलोचा, घुमटाला भोक पाडून आत आला आणि लोकांच्या मधोमध फरशीवर पडला. तिन्हींपैकी एकही फुटला नाही. चर्चमधले कोणीही दगावले नाही.

ब्रिटिश लष्कराच्या बाँब निकामी करणाऱ्या पथकाने तो बाहेर नेला आणि निकामी करून समुद्रात टाकला. बाँबमध्ये दारूऐवजी वाळू होती आणि चेकोस्लोव्हाकियातल्या कामगारांनी आत चिठ्ठी ठेवली होती, अशी दंतकथा नंतर पसरली. ती ऐकायला गोड आहे, पण ती बाजूला ठेवलेलीच बरी. बाँब खरा होता, आणि म्हणूनच मोस्टाचे लोक आजही त्या घटनेला चमत्कार म्हणतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. बांधकामाच्या अंगाने मात्र एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे: अर्ध्या टनाचा बाँब आरपार जाऊनही घुमट कोसळला नाही. जिथे भोक पडले तेवढाच भाग गेला, बाकीचे थर एकमेकांना धरून उभे राहिले. ज्या तत्त्वावर अँजेलो गॅट यांनी तो आधाराविना वर नेला, त्याच तत्त्वाने तो टिकला. भोक नंतर बुजवण्यात आले.

या घटनेनंतर सहाच दिवसांनी, 15 एप्रिल रोजी, राजे सहावे जॉर्ज यांनी सबंध माल्टा बेटाला जॉर्ज क्रॉस बहाल केला. तरीही उपासमारीची टांगती तलवार होतीच. ऑगस्टमध्ये चौदा मालवाहू जहाजांचा काफिला निघाला. त्यांतली पाचच पोचली, आणि शेवटचे तेलवाहू ‘ओहायो’ मोडक्या अवस्थेत बंदरात शिरले ते 15 ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या दिवशी. माल्टात त्या काफिल्याला ‘सांता मारिया काफिला’ असेच म्हणतात. मोस्टाचा तर हा वार्षिक सण. त्या दिवशी मरियेची मूर्ती खांद्यावरून गावात फिरते, बँडपथके वाजतात, रात्री दारूकाम होते. वसई, गोवा आणि मुंबईच्या कॅथलिक घरांतही स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाबरोबर याच दिवशी या सणाची मिस्सा असते, त्यामुळे मोस्टाचे पंचांग आपल्याला परके नाही.

मोस्टाचे उदाहरण वाया गेले नाही. शेजारच्या गोझो बेटावर शेउकिया या छोट्या गावाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असेच वर्तुळाकार चर्च बांधले, तेही जुन्या चर्चच्या भोवती आणि गावकऱ्यांच्या श्रमांतून. त्याचा घुमट मोस्टापेक्षा उंच आहे. रुंदीत मात्र मोस्टा पुढे. 2018 मध्ये मोस्टाच्या चर्चला मायनर बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. ज्या आराखड्यावर एकेकाळी खुद्द बिशपांनी आक्षेप घेतला होता, त्या चर्चला रोमकडून आलेला हा मान आहे.

30 मे 2033 रोजी पायाभरणीला 200 वर्षे पूर्ण होतील. माल्टाला जाणाऱ्या मराठी वाचकांना एकच विनंती. पवित्रवस्त्रांच्या दालनात त्या बाँबसारखा बाँब मांडून ठेवला आहे, तो जरूर पाहा. पण त्याआधी दारातली ती नऊ मीटरची भिंत सावकाश चालून जा आणि वर्तुळाच्या मध्याशी उभे राहून वर पाहा. मिस्सा चालू असेल तर ती संपेपर्यंत बाहेर थांबा. पर्यटकांची कितीही रीघ लागली तरी मोस्टाच्या लोकांचे हे रोजचे चर्च आहे.